मुंबईच्या दारूखाना भागात बोटीवर राहून केलेली दुरुस्ती: कामाच्या नोंदी, मे ते नोव्हेंबर २०२५

बोट २८ फुटी, शिडाची, फायबरची, ऐंशीच्या दशकात बांधलेली. कील, म्हणजे तळाखालचा वजनदार कणा, ओतीव लोखंडाची, बोल्टांनी जोडलेली. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. पावसाळा संपला की पाण्यात उतरवायची, आधी मांडवा-रेवदंड्यापर्यंत चालवून पाहायची आणि मग गोव्याला न्यायची, हा बेत आहे. दारूखान्याच्या बाजूला एका छोट्या यार्डात ती टेकूंवर उभी राहणार आणि आम्ही दोघं तिच्यावरच राहणार. भाड्याचं घर सोडलं आहे. नवरा रे रोडहून हार्बर लाइनने कामाला जातो, मी बोटीवरूनच लॅपटॉपवर काम करते आणि उरलेला वेळ बोटीला. मुंबईच्या हवेत हे काम काढणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे.

१३ मे

काल बुद्ध पौर्णिमा झाली, म्हणजे उधाण. यार्डाच्या धक्क्यापाशी ओहोटीला नुसता गाळ असतो. आमची कील दीड मीटर खोल जाते, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या पाण्यावर बोट क्रेनखाली पोचतच नाही. म्हणून उधाणाची दुपारची भरती धरली. आधी डोलकाठी उतरवली, मग बोट उचलली. क्रेन, पट्टे, माणसं धरून २८,००० रुपये.

बोट पट्ट्यांत लटकत असतानाच दोन कामं उरकली. बार्नेकल (तळाला चिकटणारे कवचाचे जीव) आणि शेवाळ ओलं होतं तोवर प्रेशर वॉशरने काढलं. वाळल्यावर ते छिन्नीशिवाय निघत नाही. आणि तळाला फायबरवर जे फोड दिसले त्या प्रत्येकाभोवती मार्करने गोल केला. पाण्याबाहेर काढल्यावर हे फोड लवकरच बसतात. मग तळ गुळगुळीत दिसतो आणि बोटीला काही झालेलंच नाही असं वाटतं. जुनी बोट विकत घेणाऱ्यांनी ती पाण्यातून बाहेर येते त्याच वेळी समोर उभं राहावं.

१६ मे

राहण्याची सोय लावली. बोटीचं सगळं वजन कीलखालच्या लाकडी ठोकळ्यांवर आहे, बाजूचे लोखंडी टेकू फक्त तोल सांभाळतात. समोरासमोरचे टेकू साखळीने एकमेकांना बांधून घेतले, नाहीतर ते हळूहळू बाहेर सरकतात. जमीन भरावाची, म्हणून प्रत्येक टेकूखाली जाड फळी. मुकादमांनी एक युक्ती सांगितली: केबिनमध्ये छतापासून ओळंबा टांगा आणि त्याच्या टोकाखाली जमिनीवर खूण करा. बोट कणभर जरी कलली तरी ओळंबा सांगतो. टांगला आहे.

वीज यार्डातून, २३० व्होल्टची एक लाइन. ती बोटीवर चढायच्या आधीच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवला. ओल्या जमिनीवर उभं राहून ग्राइंडर चालवायचा तर याला पर्याय नाही. गॅस सिलिंडर बोटीत ठेवायचा नाही असं ठरवलं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत साचतो आणि एका ठिणगीत सगळं संपतं. स्वयंपाक इंडक्शनवर. पाणी वीस लिटरच्या कॅनमधून. बोटीवरचा संडास जमिनीवर वापरता येत नाही, त्यामुळे रात्रीबेरात्री शिडी उतरून यार्डातल्या संडासात जायचं. शिडीचं वरचं टोक दोरीने रेलिंगला पक्कं बांधलेलं आहे. इथून पडलं तर दहा फूट खाली लोखंडाचे तुकडे आहेत.

शेजारच्या प्लॉटमध्ये जहाजांचे पत्रे कापतात. ग्राइंडरचा लोखंडी कीस वाऱ्याने उडून डेकवर बसतो आणि दोन दिवसांत पांढऱ्या जेलकोटवर (फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरावर) तांबूस ठिपके उठतात. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पातळ द्रावणाने ते जातात, पण रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी मारणं स्वस्त पडतं.

२० मे

फोड उघडले. छोट्या ग्राइंडरने एकेक फोड बशीसारखा खोलगट, निरोगी फायबर लागेपर्यंत. आतून येणाऱ्या पाण्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. जुना रंग कोरडा घासला नाही, ओल्या पॉलिश पेपरनेच काढला आणि खाली पसरलेल्या प्लास्टिकवरचा चिखल गोळा करून बंद डब्यात भरला. तळाला शेवाळ-बार्नेकल बसू नयेत म्हणून तळरंग लावतात. त्यातल्या विषारी टिनयुक्त रंगांवर जगभर बंदी आली ती २००८ मध्ये. या बोटीच्या खालच्या थरांत तो रंग असण्याची शक्यता आहे आणि त्याची धूळ छातीत जाऊ देण्याची आमची तयारी नाही.

बेत असा: तीन आठवडे मे महिन्याच्या उन्हात तळ वाळवायचा आणि ११ जूनच्या आसपास पाऊस लागायच्या आत इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचं रेझिन) चढवायचं.

२७ मे

बेत बारगळला. मोसमी पाऊस काल, २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला, नेहमीच्या तारखेच्या १६ दिवस आधी. त्याआधीचे चार-पाच दिवस वळीव झोडपतच होता. कुलाब्याची मे महिन्यातल्या पावसाची १९१८ पासूनची नोंद मोडली, २९५ मिलिमीटर.

आमची ताडपत्री अजून दुकानात होती. केबिनमध्ये इतक्या ठिकाणी गळत होतं की भांडी पुरेनात. गादी, लॅपटॉप, कागद सगळं प्लास्टिकच्या पेट्यांत घालून मधल्या जागेत रचलं आणि आम्ही बसून रात्र काढली. सकाळी चहा घेताना कामाचा क्रमच उलटा केला. तळ आता ऑक्टोबरपर्यंत वाळणार नाही, मग आधी डेक. पाऊस आहेच, तर गळती शोधून घेऊ.

१ जून

मांडव बांधला. पहिल्यांदा ताडपत्री सरळ रेलिंगवरून टाकली होती. तासाभरात तिच्यात तळं साचलं आणि वाऱ्याने कडांचे डोळे (दोरी ओवायची भोकं) फाटले. आता मधे उंच बांबूचा कणा, दोन्ही बाजूंना तीव्र उतार, कडा दोरीऐवजी जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्यांनी ताणलेल्या. झटका आला की ट्यूब लवचिक असल्याने डोळा फाटत नाही. बांबू जिथे ताडपत्रीला घासतो तिथे पाइपचे तुकडे चढवले.

मांडव मुद्दाम अर्ध्याच बोटीवर आहे, मागच्या. आम्ही त्याखाली झोपतो. पुढचा अर्धा भाग उघडा, पावसाला दिलेला.

११ जून

हे काम बोटीवर राहिल्याशिवाय झालंच नसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

केबिनमध्ये पाणी जिथे टपकतं तिथून ते शिरलेलं नसतं. डेकच्या बोल्टातून शिरतं, अस्तराच्या मागून चार फूट वाहतं आणि भलत्याच ठिकाणी उशीवर पडतं. आधीच्या मालकांनी उशीच्या बरोबर वर सिलिकॉनचे थरावर थर फासले होते. ते सगळं काढायला दोन दिवस गेले, कारण सिलिकॉनचा अंश राहिला तर त्यावर दुसरं काहीच चिकटत नाही.

आधी आतलं रेक्झिनचं अस्तर पूर्ण काढलं. मग डेकच्या खालच्या बाजूने प्रत्येक बोल्टाभोवती, प्रत्येक खिडकीच्या कडेने रंगीत खडूने रेघ ओढली. पाऊस आला की ज्या रेघेवरून ओघळ गेला तिथे खडू धुतला जातो. पहाटे तीनला सर आली तर तीनला उठायचं, टॉर्च घेऊन फिरायचं आणि वहीत खूण करायची, कारण उजाडेपर्यंत सगळीच रेघ पुसलेली असते आणि पहिलं पाणी कुठून आलं ते कळत नाही.

अशा रात्री जागून जे हाती लागलं ते नळाच्या पाण्याने कधीच लागलं नसतं. डाव्या बाजूची एक खिडकी फक्त नैर्ऋत्येचा जोराचा वारा असताना गळते, सरळ पावसात ठणठणीत कोरडी. नळी धरून अर्धा तास पाणी मारलं तरी थेंब नाही. रेलिंगच्या खांबांपैकी दोघांचे बोल्ट पाऊस सुरू झाल्यावर तासाभराने पाझरू लागतात, म्हणजे पाणी आधी कुठेतरी मुरतंय. तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेक ठोकत गेले. चांगल्या जागी टणक आवाज येतो, त्या खांबांभोवती भद्द आला.

१८ जून

उघडीप होती, म्हणून दुसरी तपासणी केली. सगळे झरोके, खिडक्या, नळांची भोकं आतून टेपने बंद करून दारात एक ब्लोअर बसवला आणि केबिनमध्ये हवा भरली. मी वरून साबणाचं पाणी शिंपडत फिरले. जिथून हवा निसटते तिथे बुडबुडे येतात. खडूने सांगितलेल्या बहुतेक जागा इथेही सापडल्या, शिवाय नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, नांगराच्या साखळीच्या भोकाची एक नवीच.

ज्यांना पावसाळाभर बोटीवर राहणं शक्य नाही त्यांनी निदान ही ब्लोअरची तपासणी करावी. ब्लोअर ४,००० रुपयांचा.

२ जुलै

पुढच्या भागावर आता मांडव आहे आणि आम्ही पुढे झोपतो. भद्द आवाजाच्या जागी डेकचं वरचं फायबर कापून उचललं. दोन फायबरच्या पत्र्यांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड असतं, ते काळपट पडून बोटाने दाबलं तर पाणी सुटत होतं. खांबाचे बोल्ट थेट त्या लाकडातून गेलेले. सील सुटलं की पाणी लाकडात उतरतं आणि वर्षानुवर्षं आत पसरत राहतं.

कुजलेलं सगळं खरवडलं. खांबाखाली, जिथे बोल्ट आवळायचा आहे, तिथे आयएस ७१० मार्काचं मरीन प्लाय घातलं. बाकी जागी पीव्हीसी फोम. फोमवर बोल्ट आवळला तर तो दबतो आणि सील पुन्हा सुटतं, म्हणून दोन्हींची सरमिसळ.

पहिला तुकडा फसला. चिकटवून आठवड्याने ठोकला तर पुन्हा भद्द. खालचं फायबर हाताला कोरडं लागत होतं, पण आत ओल होती. पुन्हा कापला, डीह्युमिडिफायर (२५,००० रुपये) आणून मांडवाखाली प्लास्टिक बांधून रात्रंदिवस चालवला. दिवसाला बादलीभर पाणी ओढतो. त्यानंतरचे तुकडे पक्के बसले. इपॉक्सी डब्याच्या तळाशी खोल कालवून ठेवू नये. एका डब्यात जास्त कालवलेलं काही मिनिटांत तापलं आणि धूर सोडून दगड झालं. दर १० अंश तापमानाला हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. डब्यावर छापलेला वेळ २५ अंशांचा असतो आणि मांडवाखाली ३३ आहे. आता पसरट ट्रेमध्ये थोडं थोडं कालवतो.

बोल्टांची भोकं आता अशी: मोठ्या बिटाने पाडायची, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरायची, वाळल्यावर मधून पुन्हा योग्य मापाने पाडायची. बोल्ट आता लाकडाला शिवतच नाही. वरच्या कडेला थोडा खोलगट उतार द्यायचा आणि ब्युटाइल टेप लावून आवळायचं, म्हणजे टेप त्या खोबणीत दबून बसते.

साध्या पॉलिस्टर रेझिनने काम करणाऱ्यांसाठी: दुकानदार कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट दोन वेगळ्या बाटल्यांत देतो. ते दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच कॅटॅलिस्ट. डोळ्यांना चष्मा हवाच, कॅटॅलिस्टचा एक थेंब डोळा घालवतो.

१४ जुलै

तळाखालचे पाण्याचे व्हॉल्व्ह काढले. सगळे पितळी, घरगुती नळाचेच. कानशीने घासल्यावर पिवळं निघायला हवं, निघालं गुलाबी. म्हणजे खाऱ्या पाण्यात पितळातलं जस्त निघून गेलं आणि उरलं ठिसूळ तांबं. एकाचं टोक पान्याखाली बिस्किटासारखं तुटलं, आणि तो व्हॉल्व्ह पाण्याच्या पातळीखालचा होता.

नवे गनमेटलचे (एक प्रकारचं कांस्य) घेतले, साधारण ३,२०० रुपये नग. दारूखान्यात जहाजांवरचे जुने गनमेटल व्हॉल्व्ह वजनावर मिळतात आणि चांगले असतात, पण 'गनमेटल आहे' या शब्दावर विसंबू नये. आम्ही एकेक नमुना सी. पी. टँक भागातल्या धातू तपासणाऱ्याकडे नेला. त्यातला एक पितळी निघाला.

८ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. भाऊच्या धक्क्याकडून वाजंत्री ऐकू येत होती.

इंजिनाचं काम जुलैत करायचं ठरवलं होतं, ते आता सुरू होतंय. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्या दोन महिन्यांत ट्रॉलरवाले सगळी दुरुस्ती उरकतात. इंजिनवाले मिस्त्री, लेथवाले, वेल्डर, कोणी रिकामा नसतो. हातातलं काम आमच्यासाठी ते कशाला सोडतील? बरोबरच आहे त्यांचं. यंत्राचं काम ऑगस्टमध्ये धरावं, माणूस वेळ देतो आणि भावही उतरतो.

एक्झॉस्टचा एल्बो कार्बनने इतका बुजला होता की करंगळी जात नव्हती. नवा करून घेतला. इंजिनाला थंड ठेवणारं पाणी खेचणाऱ्या इम्पेलरची दोन पाती गायब होती. ती हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी सापडली, तिथे शोधली नसती तर इंजिन समुद्रात तापलं असतं.

यार्डात येणारे एक वयस्क नाखवा आज विचारत होते, "नारळ पडला आता, जाताय कधी?" जमिनीवरच्या अडचणी नसत्या तरी आम्ही या महिन्यात निघालो नसतो. कमांडर दिलीप दोंदे २००९ मध्ये १९ ऑगस्टलाच मुंबईहून 'म्हादेई'वरून एकट्याने जगप्रदक्षिणेला निघाले होते, पण ती ५६ फुटी नवी बोट होती आणि सुकाणूवर होता नौदलाचा मुरलेला अधिकारी. आमच्यासाठी नोव्हेंबरातला सकाळचा मतलई (जमिनीवरून येणारा) वारा आणि दुपारचा वायव्येचा वारा ठीक आहे.

२० ऑगस्ट

काल आणि परवा मुंबई तुंबली, मोनोरेल अडकली, सगळ्यांनी पाहिलं. यार्डात पोटरीपर्यंत पाणी होतं.

संध्याकाळी ओळंबा खुणेवरून बोटभर उजवीकडे गेला होता. भास झाला असेल म्हणून मी सोडून दिलं नाही, नवऱ्याला आणि मुकादमांना फोन केला आणि बोटीवरून खाली उतरले. उजवीकडच्या मधल्या टेकूखालची फळी भरावात रुतली होती आणि टेकू तळापासून सुटून नुसता उभा होता. बाकीच्यांवर जादा भार आला होता. मुकादम चार माणसं आणि जहाजाचे कापलेले जाड पत्रे घेऊन आले. एका वेळी एकच टेकू सैल करायचा, त्याखाली पत्रा, पत्र्यावर फळी, मग स्क्रू फिरवून तळाला टेकवायचा आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. सगळं होईपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. ओळंबा खुणेवर परत आला.

भरावाच्या जमिनीवर पावसाळा काढायचा असेल तर पत्रे पहिल्या दिवशीच घालावेत. लाकडी फळी कोरड्या जमिनीत पुरते, भिजलेल्यात नाही. त्या पाण्यातून वावरलो म्हणून दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्या घेतल्या. यार्डात घुशी भरपूर आहेत, त्यामुळे हे टाळू नये.

१२ सप्टेंबर

गणपतीत यार्ड रिकामं. निम्मी माणसं कोकणात. आम्ही दोघांनी तळाचं राहिलेलं काम धरलं.

तीन महिने पाण्याबाहेर ठेवूनही तळ वाळत नव्हता. फोडांच्या जागी प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवला की सकाळी आतून दव. कारण नुसतं ओलेपण नव्हतं. फोडांतल्या द्रवात ग्लायकॉलसारखी द्रव्यं असतात, ती उडून जात नाहीत, उलट हवेतली ओल ओढून घेतात. ती धुऊनच काढावी लागतात, कितीही वाळवलं तरी जात नाहीत. मे महिन्यात वाळवून त्यावर इपॉक्सी चढवलं असतं तर वर्षभरात तेच फोड पुन्हा आले असते. लवकर आलेल्या पावसाने यातून वाचवलं.

मांडवाच्या उताराला नळ्या जोडून पावसाचं पाणी दोन निळ्या पिंपांत साठवलं होतं. क्षार नसलेलं, फुकट पाणी. ते गरम करून रोज प्रेशर वॉशरने तळ धुतला. आठ-दहा दिवसांनी आंबूस वास गेला आणि हात लावल्यावर येणारा चिकटपणा गेला.

२९ सप्टेंबर

डोलकाठीचा भार पेलणाऱ्या स्टीलच्या पट्ट्या काढल्या. बाहेरून चकाचक. डेकमधून जो इंचभर भाग जातो तिथे लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर लावून तपासलं, तर दोन पट्ट्यांवर आडवी लाल रेघ उमटली. भेगा आहेत. डेकमध्ये अडकलेल्या ओल्या जागेत हवा पोचत नाही आणि स्टेनलेस स्टील तिथेच आतून गंजत जातं. नव्या पट्ट्या ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसच्या, ६ मिलिमीटर. ३०४ आणि ३१६ नजरेला सारखेच आणि चुंबकाने दोघांतला फरक कळत नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, म्हणून दुकानातच मॉली टेस्ट करून घेतली. डोलकाठी ताणून धरणाऱ्या वायर सगळ्या नव्या. हा सर्वांत मोठा खर्च, पट्ट्या आणि तपासणीसकट १,६४,००० रुपये.

५ ऑक्टोबर

अरबी समुद्रात 'शक्ती' चक्रीवादळ. ताडपत्री पूर्ण उतरवली, टेकूंच्या साखळ्या ताणल्या. इथे काही झालं नाही.

१७ ऑक्टोबर

हवा कोरडी झाली. प्लास्टिकच्या चौकोनाखाली सलग काही सकाळी दव नाही. फोड लांबीसारख्या घट्ट इपॉक्सीने भरले, सपाट घासले, मग पूर्ण तळावर इपॉक्सीचे थर. पहाटे काम करत नाही, तेव्हा तळ गार असतो आणि डोळ्याला न दिसणारं दव धरतो. सकाळी दहानंतर सुरू करून दुपारी चारला थांबतो. प्रत्येक थर सुकल्यावर वर मेणासारखा बुळबुळीत पापुद्रा येतो. तो साध्या पाण्याने आणि स्कॉचब्राइटने धुऊनच पुढचा थर. थिनरने पुसलं तर तो पसरतो फक्त.

२ नोव्हेंबर

दिवाळीनंतरही पाऊस आला आणि तळरंग आठवडाभर लांबला. आज दोन हात झाले, सुकाणूच्या कडेला आणि पाण्याच्या रेषेवर तिसरा. जस्ताचे नवे अ‍ॅनोड (स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारे तुकडे) बसवले, त्यांच्यावर रंग लागू दिला नाही. रंग लागला तर ते काम करत नाहीत.

शाफ्टच्या ग्लॅन्डची, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या सांध्याची डोरी बदलली. तिरपे काप, प्रत्येक कड्याचा सांधा वेगळ्या बाजूला. ग्रॅफाइटची डोरी स्वस्त मिळत होती, पण ग्रॅफाइट खाऱ्या पाण्यात शाफ्टचं स्टील खातं, म्हणून पीटीएफईची (टेफ्लॉनची) घेतली.

७ नोव्हेंबर

काल त्रिपुरी पौर्णिमेनंतरचं उधाण. मे महिन्यात दुपारची भरती मोठी होती, म्हणून मी दुपारचीच क्रेन सांगायला निघाले होते. नाखवांनी अडवलं: "ताई, आता दिवसाचं पानी ल्हान. रातचं घ्या." मुंबईत पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी आणि हिवाळ्यात रात्रीची, आणि दोन्हींत अर्ध्या मीटरहून जास्त फरक पडतो. भरतीच्या तक्त्यात पाहिलं, तंतोतंत खरं. दुपारी उतरवली असती तर बोट धक्क्यापाशीच गाळात रुतली असती. रात्रीच्या क्रेनचे आणि डोलकाठी चढवायचे ३१,००० रुपये.

मध्यरात्रीनंतर बोट पाण्यात टेकवली पण पट्टे सोडले नाहीत. अर्धा तास ती तशीच ठेवून आत प्रत्येक व्हॉल्व्ह कोरड्या टिश्यूने पुसून पाहिला. सिंकच्या व्हॉल्व्हची होज क्लिप ओली झाली. तिथे दुसरी क्लिप उलट बाजूने लावली, कोरडी. ग्लॅन्डमधून मिनिटाला चार-पाच थेंब, हवे तेवढेच. मग पट्टे सोडले. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं आणि एक्झॉस्टमधून पाणी येताना पाहून मी ओरडलेच.

१६ नोव्हेंबर

आज करंजाच्या दिशेने जाऊन आलो. डोल जाळ्यांचे खुंट ओहोटीला दिसतात, भरतीला नाही, म्हणून ओहोटी लागल्यावर निघालो. पट्ट्या, वायर, खिडक्या ठीक. समोरून लाट आली तेव्हा नाळेवरच्या साखळीच्या भोकातून थोडं पाणी आलं, ते झाकण बदलायचं आहे. नव्या वायर ताणून सैल झाल्या, दोन्ही बाजूंनी सारख्या आवळल्या.

एकूण खर्च ७,१०,००० रुपये. यात यार्डाचं भाडं महिना १८,००० प्रमाणे १,०८,००० आहे, मजुरी ८५,०००, इपॉक्सी-फायबरचं सामान १,१२,००० आणि तळरंग, प्रायमर, अ‍ॅनोड ५२,०००. बाकी वर आलं आहे किंवा किरकोळ आहे. सोडलेल्या घराचं भाडं यातून वजा केलेलं नाही. वेळेचं म्हणाल तर डेकचा फसलेला तुकडा आणि दिवाळीनंतरचा पाऊस यांनी प्रत्येकी आठवडा खाल्ला, इंजिनवाल्याची वाट पाहण्यात जवळजवळ अख्खा जुलै गेला.

गोव्याला निघायच्या आधी राहिलेलं: साखळीच्या भोकाचं झाकण, इम्पेलरचा जादा नग, आणि इंजिन थोडं चालल्यावर ग्लॅन्ड पुन्हा एकदा पाव फेरा आवळणं.